तंबाखू मळून होईपर्यंत

मी रेडिओ बोलतोय. दोन बँडचा, तपकिरी कातडी पिशवीतला, वडगाव रासाईच्या एका मळ्यात फुलांच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझा आवाज बारीक केला म्हणजे मी बोलायचा थांबतो, असं नाही. बोलणं माझ्या पोटात चालूच असतं, फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाही.

दौंडच्या स्टेशनाजवळच्या दुकानातून हौशीरामनं मला आणलं, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. हौशीराम लहानपणी मेंढरांमागं हिंडलेला माणूस. पुढं भीमेच्या पाण्यावर बागायत झाली, मेंढरं गेली आणि झेंडू, शेवंती आली. त्याच्या बायकोचं नावही शेवंताबाई. "माझ्याच नावाचं पीक लावलंय आन् मलाच खुडाया लावत्यात," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि स्वतःच हसायची.

मी त्या घरात लाडाचा होतो. दसऱ्याला मला हळद-कुंकू लागायचं. सेल उतरले की शेवंताबाई ते उन्हात ठेवायची आणि पुन्हा माझ्या पाठीत घालायची. तेवढ्यावर मी आणखी दोन-चार सकाळी ओढायचो.

सकाळी खुडलेली फुलं शेडमध्ये आली की दोघं समोरासमोर बसून ती निवडायची, आणि माझ्यावर शास्त्रीय गाणं लागायचं. आसपासच्या मळ्यांत सिनेमाची गाणी वाजत. या दोघांना आलापीची गोडी कशी लागली, ते मलाही सांगता यायचं नाही. पण लागली होती खरी. गाण्यावरून त्यांचं कधी वाजलं नाही. वाजायचं ते गाण्याआधी कोण बोलतं यावरून.

निवेदक दोन होते, आलटून पालटून यायचे. एक गृहस्थ. रागाचं नाव, गाणाऱ्याचं नाव, ताल, की झालं त्यांचं काम. दुसऱ्या एक बाई. हा राग सकाळचाच का, गुरू शिष्यावर कसे रुसले, एका सुरासाठी कुणी किती वर्षं घासली, असं सगळं त्या माजघरात बसल्यासारखं सांगायच्या.

शेवंताबाईचा त्या बाईंवर जीव. "आपल्याशी बोलत्यात त्या. तुमचा त्यो मुका बाबा, पाटी वाचल्यागत वाचतो."

"चऱ्हाट वळती नुसती," हौशीराम म्हणायचा. "मेंढरं चरताना मधी कुणी बोललं तर बिचकत्यात. गाण्याचं बी तसंच हाय."

बायको समोर असली की तो मुकाट ऐकायचा. ती फुलांची पाटी घेऊन बाहेर गेली, की लगेच हात वर करून माझा कान पिळायचा. त्याचं माप ठरलेलं होतं. बाई बोलायला लागल्या की आवाज बारीक करायचा, डबीतली तंबाखू तळहातावर घ्यायची, चुना लावायचा आणि निवांत मळायची. बार तोंडात गेला की आवाज वाढवायचा. गाणं नेमकं तेव्हाच सुरू झालेलं असायचं. आपला अंदाज चुकत नाही, याची त्याला मोठी ऐट होती. शेवंताबाई परत येऊन विचारायची, "काय म्हणाल्या बाई?" तो म्हणायचा, "काय न्हाई, तेच आपलं." ती बिचारी हिरमुसायची.

मला ते आवडायचं नाही. माणसं मन लावून ऐकतात ती आपल्या पसंतीच्या माणसाचं, नावडत्याचं तोंड मात्र बंद करून टाकतात. पण माझं कोण ऐकतो?

गणपती तोंडावर आले होते, ती सकाळ. आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख. तरी मला सकाळपासून बरं वाटत नव्हतं. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवरून माझ्या पिशवीत चढत होत्या. वर घाटात आठवडाभर पाऊस कोसळत असल्याच्या बातम्या मीच तर दिल्या होत्या.

झेंडू खालच्या मळईत फुलला होता. मळई म्हणजे नदीच्या अगदी काठावरची गाळाची जमीन. ती आणि आमचा मळा यांच्यामध्ये ओढा आहे. नदी फुगली की तिचं पाणी उलटं आधी ओढ्यात शिरतं, आणि मळईत गेलेल्या माणसाची परतीची वाट मागच्या मागं बंद होते. हे गावात पोराटोरांनाही ठाऊक. पण डोक्यावर ऊन असताना ते ध्यानात कोण ठेवतो?

शेवंताबाईनं भाकरी बांधून घेतली. जाता जाता ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आज बाईंची पाळी हाय. अवो, त्या काय बोलत्यात ते नीट ऐका. मला समदं सांगायचं बरं का."

"व्हय, सांगतो की," हौशीराम म्हणाला.

ती गेली. पहिलं गाणं संपलं. बाई म्हणाल्या, "श्रोतेहो," आणि हौशीरामचा हात वर आला. त्यानं माझा कान पिळला आणि डबी उघडली.

त्या दिवशी बाईंनी गोष्ट सांगितलीच नाही. त्या म्हणाल्या, वरच्या धरणांतून पाणी सोडलं आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या भीमाकाठच्या गावांनी सावध राहावं, पात्रात आणि काठावरच्या शेतांत कुणी जाऊ नये, दुपारपर्यंत पाणी झपाट्यानं वाढेल. त्यांनी ते दोनदा सांगितलं. मी पोटातल्या पोटात ओरडत होतो, आणि समोर हौशीराम अंगठ्यानं तंबाखू मळत होता.

बार तोंडात गेला. आवाज वाढला. तोडीचा आलाप सुरू झाला होता.

"वा!" हौशीराम डोळे मिटून म्हणाला.

त्याच्या हातात अजून वेळ होता. उठून, ओढा ओलांडून बायकोला हाक मारून परत यायला पुरेल इतका वेळ. तो फुलं निवडत राहिला. मी तोडी गात राहिलो. मला दुसरं काय येत होतं?

दुपारी त्यांचा मुलगा ईश्वर मोटारसायकल टाकून पळत आला. "आबा, आई कुठंय? समद्या गावानं नदीवरच्या पाण्याच्या मोटारी वर काढल्या. सकाळीच रेडिओवर सांगितलंय म्हणं!"

हौशीराम उठला, तशी मांडीवरची फुलं खाली सांडली. "मळईत," एवढंच तो म्हणाला.

ओढा तोवर दोन्ही थड्यांना लागला होता. त्यांच्या हाका मला शेडमध्ये ऐकू येत होत्या. पलीकडून कुणाची ओ आली नाही. शेवंताबाई दुसऱ्या दिवशी खाली बाभळींत सापडली.

दहाव्यानंतर ईश्वरनं विचारलं, "आबा, तुम्ही तर रेडिओ लावून बसला हुता. तुम्हाला कसं ऐकू आलं न्हाई?"

हौशीरामनं माझ्याकडे पाहिलं. "सेल उतरलं हुतं," तो म्हणाला.

भेटायला येणाऱ्यांनी मग मलाच बोल लावला, रेडिओनं ऐन वेळेला दगा दिला म्हणाले. ईश्वरनं माझ्या पाठीतले चांगले सेल काढून फेकले आणि नवे घातले. मी कुणाला काय सांगणार?

त्याला आता बरीच वर्षं झाली. पिशवी उसवली, खिळा गंजला, ईश्वरच्या खिशात एफएमचा मोबाइल आला. मळईत झेंडू पुन्हा कुणी लावला नाही. हौशीराम मात्र रोज सकाळी मला लावतो. तंबाखू त्यानं तेव्हाच सोडली. गाणं सुरू झालं की तो आवाज बारीक करतो. बोलणं येईल असं वाटलं की वाढवतो आणि कान माझ्या जाळीला लावून बसतो. पण त्या बाई केव्हाच निवृत्त झाल्या. आता त्याच्या आवडीचे गृहस्थच तेवढे येतात. रागाचं नाव सांगतात, गाणाऱ्याचं नाव सांगतात आणि थांबतात.

माझे आता थोडेच दिवस राहिलेत. तुमच्या घरात असेल एखादं नावडतं बोलणारं, त्याचा आवाज एवढ्यात बारीक करू नका. निदान मी आहे तोवर तरी.

आज सकाळीही ते गृहस्थ नाव सांगून थांबले. हौशीराम माझ्या जाळीशी वाकून कितीतरी वेळ वाट बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आन् मग? पुढं बोला की, बाई. तिला समदं सांगायचं हाय."