चार वाजताचं बोलणं

बहिऱ्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून दार लावून घेणारी माणसं जगात किती असतील कोण जाणे, पण एक तरी होती. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी ही बाई दुपारी साडेतीनला घरी यायची, अंघोळ करायची, कपडे बादलीत बुडवायची आणि चार वाजले की फोन घेऊन गॅलरीत जायची. गॅलरीचं काचेचं सरकतं दार अगदी खट्‌ आवाज होईपर्यंत ओढून घ्यायची. आत खुर्चीवर तिचे सासरे बसलेले असायचे. आबांना गेली वीस वर्षं ऐकू येत नव्हतं. शेजारी फटाका फुटला असता तरी त्यांनी फार तर धूर कुठून येतोय ते पाहिलं असतं. पण मनातलं बोलायचं तर आधी दार लावायचं, हे तिला आईने लहानपणीच शिकवलेलं, आणि अशा शिकवणीत माणूस डोकं चालवत नाही.

गॅलरीत गेल्यावर पहिलं काम म्हणजे मुसकं काढायचं. मास्कला ती मुसकंच म्हणायची. सकाळी सातपासून दुकानात मुसकं आणि घरी आल्यावरही मुसकं, कारण आबा चौऱ्याहत्तरचे, छातीने कमजोर, आणि ही रोज शंभर खोकणाऱ्यांच्या हातून चिठ्ठ्या घेऊन आलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातही तोंड झाका, वेगळं जेवा, जमलं तर वेगळ्या घरात राहा. वेगळं घर काय झाडाला लागतं? खोल्या दोनच होत्या. नवरा जहाजावर स्वयंपाकी. सहा महिन्यांसाठी गेलेला तो माणूस अकराव्या महिन्यातही कुठल्याशा बंदराबाहेर पाण्याकडे बघत बसला होता, कारण उतरायची परवानगीच मिळत नव्हती. तेव्हा घरात ही दोघंच. एकीला तोंड उघडायची सोय नाही आणि एकाला ऐकू येत नाही. जोडी झकास जमली होती.

फोन लागायचा तो ताईला. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, दुसऱ्या गावी राहणारी. ती पलीकडून नुसतं "हं" आणि "मग?" म्हणायची, आणि हिला तेवढंच हवं असायचं. मग तोंडाचा पट्टा सुरू. गॅलरी साडेचार पावलांची. ही तिकडून इकडे, इकडून तिकडे. एका जागी उभं राहणं तिचं दुकानात इतकं व्हायचं की घरी पाय थांबायला तयारच नसत. थांबलीच तर रस्त्याकडे पाठ आणि काचेकडे तोंड करून, कारण त्या वेळी ऊन रस्त्याच्या बाजूने थेट डोळ्यांत यायचं. काचेतून तेव्हा आतलं काही दिसायचं नाही. हातवारे करणारी आणि कानांमागे इलास्टिकचे वळ उमटलेली स्वतःच तेवढी दिसायची.

"अगं, नाक बाहेर काढून येतात," ती सांगायची. "म्हटलं, नाक झाका, तर म्हणे मग श्वास कुठून घेऊ? रांगेसाठी गोल आखलेत, तर एका गोलात नवराबायको आणि त्यांचं भांडण. हात धुऊन धुऊन माझी सालं निघाली. लिफ्ट बंद, चार मजले चढून येते. आणि घरात पाऊल टाकते तर टीव्ही. खालच्या मजल्यावरच्यांना फुकट बातम्या. ज्याला ऐकूच येत नाही त्याला आवाज कशाला लागतो, सांग मला."

"हं," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टीव्ही मुका होता. आबा नुसती चित्रं बघत बसले होते.

तिला बरं वाटलं, आणि फार विचार करायला तिला वेळ नव्हता. त्याच आठवड्यात तिने ताईपुढे ओल्या टॉवेलचं गाऱ्हाणं मांडलं होतं, की आबा तो खुर्चीच्या पाठीवर टाकतात आणि खुर्चीला वास येतो. टॉवेल दोरीवर जाऊ लागला. मग मोरीतल्या गळक्या नळाची पाळी आली. "रात्रभर टप टप. यांना काय, यांना कान नाहीत. डोकं माझं फिरतं." तिसऱ्या दिवशी ती घरी आली तर नळ गप्प आणि आबांच्या बोटाला चिंधी बांधलेली. तिने औषधाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर लिहिलं, "नळ कोणी नीट केला?" मुसकं आल्यापासून त्यांचा संसार असा पुठ्ठ्यांवर चालला होता. ती लिहायची, आबा मोठ्या आवाजात उत्तर द्यायचे.

"गळत होता," आबा म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बादलीत पाणी दिसलं."

पटण्यासारखं होतं. ताई म्हणाली, तुला सुख टोचतंय. तेही पटण्यासारखं होतं.

आबांनी चौतीस वर्षं खिळ्यांच्या कारखान्यात काढली होती. एका बाजूने तार आत जायची, दुसऱ्या बाजूने खिळे पडायचे, आणि अशी साठ यंत्रं एका छपराखाली ठोकत असायची. कान तिथेच गेले. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणं समजतं, हे तिला लग्नापासून माहीत होतं. समोर बसायचं, सावकाश बोलायचं, की झालं. पण त्या कारखान्यात माणसं साठ यंत्रांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारायची, कोणाच्या घरी काय शिजलं ते विचारायची, साहेबाला शिव्या द्यायची, आणि सगळं नुसतं ओठांवर, हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आणि गॅलरी तर खुर्चीपासून जेमतेम दहा फुटांवर.

मग तो थर्मामीटरवाला आला. तिच्या सुट्टीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. पन्नाशीचा माणूस, परवा नेलेलं थर्मामीटर घेऊन परत आला आणि म्हणाला, हे बिघडलंय, बदलून द्या. काय बिघडलंय? तर ताप दाखवत नाही. ती म्हणाली, तुम्हाला ताप नसेल. तो म्हणाला, मला ताप आहे की नाही हे तुम्ही मला सांगणार? मग त्याने मास्क हनुवटीखाली ओढला, कारण ओरडायला तोंड मोकळं लागतं. तो ओरडला, आणि ओरडता ओरडता काउंटरवर चांगला तीनदा शिंकला. थेंब तिच्या चष्म्यावर आले.

त्या दुपारी गॅलरी तिला साडेचार पावलांचीही वाटली नाही.

"तीनदा, ताई. तोंडावर. आता मी आठ दिवस गळा दुखतोय का, वास येतोय का, हेच बघत बसणार. आणि आजपासून घरात दुप्पट काळजी. झोपतानाही मुसकं. सोळा तास, ताई, सोळा तास मी तोंड बांधून असते, कशासाठी? यांच्यासाठी. एकटी असते तर घरी येऊन निदान तोंड उघडं टाकून पडले असते. यांची लेक आहे ना सख्खी? तिने न्यावं. चार महिने मी केलं, आता चार महिने तिने करावं. मला नको झालंय. खरंच नको झालंय."

खालून भोंगा वाजवत रुग्णवाहिका गेली. ती वळली, कठड्यावरून वाकून बघत राहिली, कोणाच्या दाराशी थांबते ते. थांबली नाही. ती तशीच रस्त्याकडे तोंड करून पुढे बोलू लागली. आवाज खाली आला होता.

संध्याकाळी आबांनी पलंगाखालची बॅग काढून पुसली. तिच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तिचं सगळं लक्ष स्वतःच्या गळ्यात होतं.

सकाळी नऊला ती उठून बाहेर आली तर आबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. पायाशी बॅग. "लेकीकडे जातो," ते म्हणाले. "कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला सांगितलंय. त्याच्याकडे परवाना आहे. दहाला येईल."

तिने पुठ्ठा शोधला. सापडेना. शेवटी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं. "अचानक?"

"कंटाळा आला."

तिने लिहिलं, "तिथे दोघांना ताप आहे. ताईंनी तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं." ताई म्हणजे या खेपेला नणंद.

आबांनी वाचलं. चेहरा जरा उतरला, पण बॅगेवरचा हात हलला नाही. "मग तर तिला हाताशी माणूस लागेल," ते म्हणाले.

"तुम्हाला झालं तर?" तिने इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला. त्यावर आबा म्हणाले की व्हायचं ते इथेही होईल, आणि मग खिडकीबाहेर बघू लागले. कागदावर कोणाशी भांडता येत नाही. तुम्ही लिहीपर्यंत समोरचा दुसरीकडे बघतो, की तुमचं भांडण संपलं. ती स्वयंपाकघरात गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. गॅसवरचा चहा उतू गेला. खाली हॉर्न वाजला. तो आबांना ऐकू आला नाही, पण घड्याळ दिसत होतं. त्यांनी बॅग उचलली, दाराशी जाऊन एक चप्पल घातली, दुसरी पायाने पुढे ओढली, आणि वळून म्हणाले, "त्या थर्मामीटरवाल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. असले नमुने आमच्याकडेही होते."

तिने सवयीने मान हलवली आणि मग तिथेच थिजली.

थर्मामीटरवाल्याचं तिने ताईला सांगितलं होतं. दार लावून.

टीव्ही. टॉवेल. नळ. दर वेळी गाऱ्हाणं ताईकडे आणि उपाय घरात. भिंतीला कान असतात हे ती जन्मभर ऐकत आली होती, पण काचेचं कोणी काही बोललं नव्हतं. चार महिने ती या माणसाबद्दल याच्याच तोंडावर बोलत होती. तिला इतकी लाज वाटली की आधी रागच आला.

तिचा हात मुसक्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. कालच्या तीन शिंका. तिने आबांना तळहात दाखवला, थांबा म्हणून, तरातरा गॅलरीत गेली, दार खट्‌ होईपर्यंत ओढलं आणि मुसकं काढलं. सकाळचं ऊन इमारतीच्या मागच्या बाजूला होतं. काचेतून आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. आबा, एका पायात चप्पल, हातात बॅग.

"काल मी म्हणाले ते म्हणाले," ती म्हणाली. "लेकीने न्यावं म्हणाले. नाही कशाला म्हणू?"

"सावकाश," आबा आतून म्हणाले. त्यांचा आवाज काचेतून सहज बाहेर आला. त्यांना हळू बोलणं कधी जमलंच नव्हतं. "माहीत आहे. म्हणालीस."

"पण पुढचं?"

"पुढे तू पाठ फिरवलीस."

"मग ऐका. मी म्हणाले, नको. तिकडे नको. तिकडे दोघं तापाने पडलीयत, म्हातारा गेला तर आठ दिवस टिकायचा नाही. म्हणाले, साडेतीनला तो खिडकीत उभा असतो. मी कोपऱ्यावर दिसले की कडी काढून ठेवतो. चार महिन्यांत मला एकदाही स्वतःच्या घराची बेल वाजवावी लागलेली नाही. तो गेला तर या घरात मी शिरू कशी?"

आबांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. "म्हातारा म्हणालीस?"

"म्हणाले."

ते जवळ आले. एका चपलेचा चपाक आवाज करत.

"आणि तुम्ही," तिचा राग अजून गेला नव्हता, "चार महिने बघत बसलात? एकदा सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस." आबांनी बोटं मोजायला घेतली. "दूधवाल्याचं तोंड बांधलेलं. दुकानदाराचं बांधलेलं. डॉक्टरचं बांधलेलं. टीव्हीवरचे लोकसुद्धा आता बांधून बसतात. चार महिन्यांत माझ्यासमोर कोणी एक शब्द बोललेलं नाही. चार वाजले की तू बोलायचीस. माझ्याबद्दल का होईना."

ती रडली. रडताना ओठ वाकडेतिकडे होतात, आणि आबांना त्यातलं काही कळलं नसणार. खालून पुन्हा हॉर्न वाजला.

"गाडी ओरडतेय," ती म्हणाली.

"त्याला म्हणावं, आज नाही. आणि लेकीला मी मेसेज करतो. औषधं पाठव तिला दुकानातून."

ती वळली, कठड्यावरून खाली ओरडून गाडीवाल्याला जायला सांगितलं, आणि लगेच पुन्हा काचेकडे तोंड केलं. तोवर आबांनी खुर्ची ओढत काचेपाशी आणली होती. गुडघे काचेला टेकवून ते बसले, बॅग मांडीवरच.

"अजून चार कुठे वाजलेत?" ती डोळे पुसत म्हणाली.

"काल त्याचंही अर्धंच राहिलं. थर्मामीटर बदलून दिलंस का शेवटी?"

"सांगते," ती म्हणाली. "आधी ती चप्पल काढा. घरात चप्पल घालून फिरता, हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही."