मोगऱ्याला दिलेला ताण

"शफीचाचा, काढायचं तर काढून टाका एकदाचं. माझ्या तोंडाकडं काय बघता?"

नवसाबाई केरसुणी हातात तशीच धरून मिशनच्या देवळाच्या पायरीवर टेकली. बाजूला देवळाच्या खिडकीखाली मोगऱ्याचं झुडूप होतं, म्हणजे आता नुसत्या काटक्याच. शरणपुरातल्या मिशनच्या बागेत तीस वर्षं राबलेला शफी माळी कुदळ घेऊन तिथं उभा होता. प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण सात आठवड्यांवर आला होता. त्याआधी देवळापुढचं वाळलेलं झाड उपटून तिथं क्रोटन लावायचं, असं पंचांनी ठरवलं होतं.

शफीनं कुदळ बाजूला ठेवली. उकिडवा बसून त्यानं अंगठ्याच्या नखानं एक काटकी खरवडली.

"ह्याला पाणी कुणी तोडलं?"

ती केरसुणीच्या काड्या सारख्या करू लागली.

"विचारतोय मी, बाई. नाताळापासून ह्याच्या बुडात टिपूस नाय पडलेला. सगळी बाग माझी, पण हे झाड तुमचं. मी कधी हात लावला नाय त्याला."

"मीच तोडलं," नवसाबाई म्हणाली. "जा, सांगा पंचांना. वरनं खटला बी भरा माझ्यावर."

झाड तिच्या लेकीनं, एस्तेरनं लावलेलं. नवसाबाई मूळची सायखेड्याची. चार भावंडं दगावल्यावर नवसानं झालेली, म्हणून नाव नवसाबाई. बाप्तिस्म्याला मार्था नाव मिळालं, पण ते देवळाच्या वहीतच राहिलं. नवरा लवकर गेला. देऊळ झाडून, बोर्डिंगातल्या मुलींचं दळण दळून तिनं लेकीला शिकवलं. एकोणीस वर्षांची एस्तेर मुलींच्या शाळेत शिकवायला लागली, आणि वर्ष भरायच्या आत विषमज्वरानं अंथरुणाला खिळली. तेव्हा नवसाबाईनं रक्तातलं होतं तेच केलं. देवळात जाऊन प्रभूला नवस बोलली, लेकीला उठव, जन्मभर तुझ्या दारच्या मोगऱ्याला पहाटे दोन घागरी घालीन. बावीस दिवस तिनं घातल्या. तेविसाव्या दिवशी एस्तेर गेली. मातीवरून परतल्यावर तिनं घागर पालथी घातली, ती आजवर उचलली नव्हती.

देवळाचं काम मात्र सुटलं नाही. दर शनिवारी ती लाद्या पुसायची, प्रभुभोजनाचा चांदीचा पेला राखेनं लखलखीत घासायची. रविवारी लोक प्रभुभोजन घ्यायला उठून वेदीपुढच्या कठड्याशी जायचे, तेव्हा मागच्या बाकावर पदर ओढून बसून राहायची. पेला घासायला तिचा हात चालत होता, पेल्यापुढे पसरायला चालत नव्हता.

"इकडं या. बघा," शफी म्हणाला.

खरवडलेल्या सालीखाली दोऱ्याएवढी हिरवी रेघ होती.

"जित्तं हाय?"

"मरायला काय झालंय त्याला! अहो, मोगऱ्याला हिवाळ्यात पाणी तोडावंच लागतं. ताण द्यायचा. तहानेनं पानं झडतात, झाड निजतं. मग छाटायचं, मुळ्या उघड्या करून ऊन दाखवायचं, शेणखत भरायचं आणि पाणी द्यायचं. तुम्ही रागानं केलं, ते मी दर साल मुद्दाम करतो. फरक एवढाच, की मी पाणी परत सुरू करतो."

त्यानं कात्री पुढे केली. "छाटा. माझे हात कापतात हल्ली."

"माझं काय लय धड हायेत?" ती म्हणाली, पण उठली.

छाटून झाल्यावर वीतभर खुंट उरले. पंचांना काय सांगायचं ते शफी सांगणार होता.

दुसऱ्या दिवशी सणाआधीचा उपवासकाळ लागला. नवसाबाईनं पहाटे घागर धुतली. पाणी ओतताना सवयीनं ओठ हलले, आणि तिथंच थांबले. मागायचं काय? मागायला आता काही उरलंच नव्हतं. ती दोन घागरी ओतून मुकाट्यानं घरी आली. मग रोज तसंच. बोलणं नाही, गाऱ्हाणं नाही. विहिरीच्या पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरायचे, कंबर धरायची. चौथ्या आठवड्यात खुंटांच्या बेचक्यांतून पोपटी टोकं निघाली. तिला आनंद झाला असं नाही. त्या दिवशी दुसरी घागर तिनं जरा सावकाश ओतली, इतकंच.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी देवळाचे पाळकसाहेब विहिरीपाशी थांबले.

"रविवारी पुढे येणार ना, नवसाबाई?"

"देवाला बोललेलं मोडलं मी, पाळकसाहेब. वर त्याच्यावर रुसले. रुसलेल्या बाईनं त्याच्याच पंगतीला कसं बसावं?"

"रुसलात, पण दार सोडलं नाहीत."

"दार कसं सोडू? झाडायला कोण येईल मंग, तुम्ही?"

पाळकांना हसू आलं. मग ते हळूच म्हणाले, "प्रभूनं त्या घागरी मागितल्या नव्हत्या हो तुमच्याकडे."

"मंग आता कशापायी घालते मी?"

"ते मी कसं सांगू?"

त्या संध्याकाळी तिच्या मनात जुनी खोड पुन्हा उठलीच. सणाच्या दिवशी मोगरा फुलला तर पुढे जाईन, नाही तर नाही.

सणाच्या पहाटे झाड पानांनी भरलं होतं. पण कळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, हिरव्या, गच्च मिटलेल्या. शफी कुंड्या मांडत होता.

"आठ दिवस लागतील अजून. घाई नाय चालत त्याच्यापुढं."

नवसाबाई झाडाकडे बघत राहिली. मग वाकून तिनं आळं हातानं नीट केलं, दुसरी घागर आणायला गेली. ती ओतेपर्यंत घंटा झाली आणि हात धुवायचे राहिले.

मागच्या बाकावर बसून तिनं वाचन ऐकलं. पहाटे कबरेपाशी रडत आलेल्या बाईला कबरेतून उठून समोर उभा असलेला प्रभू माळी वाटला, ते. दर वर्षी ऐकलेलं. आज तिला वाटलं, उगीच का माळी वाटला असेल? त्याच्या हाताला माती लागलेली असेल.

लोक उठले. तीही उठली. कठड्याशी गुडघे टेकताना तिनं डाव्या अंगाला एका माणसाची जागा सवयीनं मोकळी सोडली. एस्तेर तिथं असायची.

पाळक जवळ आले तशी तिला हातांची आठवण झाली. नखं काळी, तळव्याच्या भेगांत शेणखत. पदराला पुसावेत म्हणून तिनं ते मागे घेतले, मग तसेच पुढे केले.

पाळकांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि भाकरीचा तुकडा त्या मातीवर ठेवला.