एकाच ताग्यातले दोघे

मास्तरांनी बॅगेतून ते कपडे बाहेर काढले तेव्हाच तिनं कपाळाला हात लावला होता. त्यांचा सदरा आणि तिचा कुर्ता, दोन्ही एकाच ताग्यातून कापलेले. पिवळाजर्द रंग आणि त्यावर बारीक निळी रेघ.

"अहो, बँडवाले वाटू आपण!"

"वाटू की," मास्तर म्हणाले. "एवढ्या मोठ्या शहरात हरवलीस तर शोधायला सोपं."

ते शिंपी, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि चिडवायला म्हणून तीही. दुकान दोघांचं. कापणं-शिवणं त्यांचं, काजं-बटणं-तुरपाई तिची. लग्नाला चार वर्षं झाली तरी दोघं कुठं म्हणून गेली नव्हती. आधी दुकान मार्गी लागायचं होतं, मग चिमणी झाली. शेवटी सासूबाईंनीच दीड वर्षाच्या चिमणीला कडेवर घेतलं आणि "जा तीन दिवस, आम्हा दोघींना जरा निवांत भांडू दे," म्हणून दोघांना घराबाहेर काढलं. मास्तरांनी आठवडाभर दुपारची झोप मोडून, तिच्यापासून लपवून हे कपडे शिवले होते. नाही कसं म्हणणार?

पण त्या शहरात माणसं काळी, करडी, पांढरी. रस्ता ओलांडताना समोरच्या काचेच्या इमारतीत तिला दोन पिवळे ठिपके दिसले. एक ठिपका नकाशा उलटा धरून येईल त्याला रस्ता विचारत होता. दुसरा हळूच दोन पावलं मागे राहिला.

संग्रहालयात मात्र ती लाज विसरली. दोरीपलीकडे लाकडी पुतळ्याच्या अंगावर दोनशे वर्षांपूर्वीचा लांब डगला होता. त्याच्या बाहीवर अकरा काजं, एकासारखं एक.

"बघितलीत? टाका दिसतसुद्धा नाही. आतून कसं असेल हो?"

"आतून शिवणीत जादा कापडाची माया भरपूर ठेवली असणार. नाहीतर खांदा असा बसत नाही."

"उलटून बघा ना."

"अगं, हात लावू नका लिहिलंय."

"एक बोट हो. कोण बघतंय!"

मास्तरांनी डावी-उजवीकडे पाहिलं, दोरीवरून वाकले आणि दुकानात आलेलं गिऱ्हाइकाचं कापड उचलावं तशी दोन बोटांनी डगल्याची कड उलटली. घंटा अशी काही कोकलली की शेजारच्या दालनातली माणसंसुद्धा धावत आली. दोन पहारेकऱ्यांनी मास्तरांना दंडाला धरून बाजूच्या खोलीत नेलं. ते वळून वळून तिला काहीतरी सांगत होते. ती दोरीपाशीच उभी राहिली.

जरा वेळानं पहारेकरी बाई बाहेर आली.

"त्या गृहस्थांची बायको इथंच आहे म्हणतात. घाबरेल, तिला निरोप द्या म्हणून मागे लागलेत. कोण आहे?"

शेजारी मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी हिच्याकडे वळून विचारलं, "तुमच्याबरोबरचे का ते?"

"छे हो," ती म्हणाली. "मी एकटीच आलेय."

इतकं गुळगुळीत निघालं तोंडातून की तिचं तिलाच नवल वाटलं. पहारेकरी बाईनं तिच्या कॉलरकडे पाहिलं, मग कफकडे, मग त्या निळ्या रेघेकडे. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. तोंडाला बिस्किटाचा चुरा लागलेला असताना चिमणी "नाई खाल्लं" म्हणते, तशी ती तिथं उभी होती. पण चिमणीला पोटाशी धरायला कोणीतरी असतं.

"बरं," पहारेकरी बाई म्हणाली आणि उघड्या दारातून आत गेली. त्या 'बरं'पेक्षा थोबाडीत बसती तर परवडलं असतं.

ती तशीच तिच्या मागोमाग खोलीत शिरली. मास्तर स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

"मी यांची बायको," तिनं टेबलामागच्या साहेबांना सांगितलं. "मीच यांना उलटून बघायला लावलं."

"नाही हो, ही काही बोलली नव्हती," मास्तर घाईनं म्हणाले. "माझाच हात गेला. सवयीचा हात आहे, साहेब."

डगल्याला काही झालं नव्हतं. साहेबांनी दोघांना मिळून चांगलं फैलावर घेतलं आणि सोडून दिलं. बाहेर पायऱ्यांवर तिनं मास्तरांची बाही धरली.

"अहो, मघाशी मी तिथं..."

"दार उघडंच होतं," मास्तर म्हणाले आणि कोणाला तरी बसचा थांबा विचारायला पुढं गेले.

दिवसभर ते रागावले नाहीत. चिमणीसाठी भिरभिरं घेताना लाल की हिरवं, तेही तिलाच विचारलं. फक्त नकाशा आता त्यांनी घडी करून खिशात ठेवला होता, आणि रस्ता विचारायचा झाला की तिला लांब उभी करून एकटेच जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बॅगेतला धुतलेला निळा ड्रेस बाजूला सारला आणि कालचाच चुरगळलेला पिवळा कुर्ता अंगात घातला. आरशातून मागे पाहिलं तर मास्तर पांढरा सदरा झटकत होते. पिवळा नीट घडी घालून बॅगेच्या तळाशी गेला होता.

"तू परत तोच घातलास?" ते गोंधळून म्हणाले. "तुला अवघड होतं ना, म्हणून मी हा काढला."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर तिला उत्तर देता आलं असतं. ती खाली बसली, बॅग उपसली, तळाचा सदरा काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"हाच घाला. पाया पडते तुमच्या."

मास्तरांनी हातातला पांढरा सदरा बाजूला ठेवला. मग त्यांनी एकेक हात बाहीत घातला. ती खालून बटणं लावत वर आली. हा सदरा त्यांनी लपवून शिवला होता, त्यामुळं काजंही त्यांचीच होती, जाडीभरडी, बटण अडकणारी. गळ्याशी आल्यावर मास्तरांनी हनुवटी वर केली, चिमणी करते तशी, आणि नजर छताला लावली. शेवटचं बटण काही केल्या काजात जाईना. तिला नीट दिसतच नव्हतं.