राखून ठेवलेली धावपट्टी

खण्ण! तांब्यावर पालथं घातलेलं फुलपात्र घरंगळलं आणि माझ्या अंगावर गोल गोल फिरत राहिलं. माळावरची शांतता मोडली. बाभळीवरचे होले उडाले. खुरपं थांबवून चंद्राबाई लेकीवर ओरडली, "विजे, पानी सांडलंस न्हवं?"

दचकू नका, मित्रांनो. मी एक जुनी धावपट्टी आहे. विटा आणि पलूसच्या मधल्या माळावर पडून असते.

माझ्या आधी इथं शाळूची रानं होती. मागच्या मोठ्या लढाईत इंग्रज सरकारनं ती घेतली. गावच्याच बायांनी डोईवरून मुरूम वाहिला, रूळ फिरला, वर डांबर पडलं. थोडी विमानं उतरली. पोरं झाडावर चढून माझ्याकडे बघायची. किती मिरवले मी तेव्हा! मग लढाई संपली, विमानं गेली आणि माझ्याभोवती काटेरी तार आली. मोठ्या विमानतळावर बॉम्ब पडले, तर विमानांनी उतरायचं कुठं? त्या वेळेसाठी मला राखीव ठेवलं. तेव्हापासून माझ्यावर नांगर चालत नाही आणि विमानही उतरत नाही. तारेपलीकडून बैलगाड्या जातात. मला मात्र एवढं लांबलचक अंग असून कुठंच जाता येत नाही.

पेटीत जपलेलं लुगडं नेसल्यावाचून घडीवरच विरतं ना, तशी मीही विरले. अंगाला भेगा पडल्या.

एकाहत्तर साली पुन्हा लढाई लागली. मला तयार ठेवायचा हुकूम आला. गवत काढायला बाया आल्या, त्यांत चंद्राबाई होती. तिचा नवरा आकाराम पलटणीत, सरहद्दीवर. विजयमाला, म्हणजे ही विजी, तेव्हा पोटात होती. जखमी जवानांना विमानानं इथं उतरवून मिरजेच्या दवाखान्यात नेणार, अशी आवई उठली. चंद्राबाईनं मनाशी धरलं, आकाराम आला तर इथंच उतरणार. दुसऱ्या दिवशी तिनं शेणाची पाटी आणली आणि माझ्या भेगा सारवायला बसली!

पहारेकरी कोंडीबा धावत आला. "आगं पोरी, ही काय तुजी वसरी हाय व्हय? इमान घसरंल की!"

"आवं मामा, मानूस दारात यायचा आन् आंगन सारवायचं न्हाई?"

"आता आरतीचं ताट बी आन," शेजारी गवत काढणारी हरणाबाई म्हणाली, "इमानाच्या नाकाला कुकू लावू!"

बाया पोट धरून हसल्या. चंद्राबाईही हसली. कोंडीबानं सारवण धुऊन काढायला लावलं. पण खरं सांगू, मित्रांनो, इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता.

विमान आलं नाही. लढाई संपली. गावचे बाकीचे जवान आगगाडीनं मिरजेला उतरून घरी आले. आकाराम बेपत्ता आहे, एवढंच कळलं. विजयमाला आता शाळेत जाईल एवढी झाली. चंद्राबाई अजून कुंकू लावते, अजून माझं गवत काढायला येते. तिच्यासाठी फाटक उघडं असतं, तरी तीही माझ्यासारखी राखीवच राहिली.

मित्रांनो, एखादी वस्तू राखून ठेवाल, तर तिला विसरू नका. अधूनमधून ऊन दाखवा, वरून हात फिरवा. आणि कुणाला थांब म्हणालात, तर कुठवर थांबायचं तेही कधीतरी सांगा.

आज चंद्राबाई भाकरी सोडत होती. विजयमाला माझ्यावर पालथी झोपली. थंडीच्या उन्हानं उबदार झालेल्या डांबराला गाल लावून ती हळूच म्हणाली, "पट्टे, माजा बा तुज्यावरच उतरनार हाय न्हवं? मग तू त्येच्या इमानाला हाक का मारत न्हाईस?"