बिघाड सापडत नाही

माझ्या धाकट्या भावाला घरात अजून सगळे छोटू म्हणतात. छोटूने चाळिशी कधीच ओलांडली, डोक्यावर केस नावापुरते उरलेत, आणि लोक कामावर जातात तसा तो वर्षभर दवाखान्यात जातोय. छाती धडधडते म्हणून हृदयवाल्यांकडे, पोटात गोळा येतो म्हणून पोटवाल्यांकडे, चक्कर येते म्हणून कानवाल्यांकडे. प्रत्येकाने आपापला अवयव तपासला आणि नॉर्मल म्हणून घरी पाठवलं. तिथल्या नर्सबाईंना हा हसवतो म्हणे! "तिथेच खाट टाक ना कायमची," असं मी त्याला कितीदा तरी म्हटलं. तो नुसता हसायचा.

शेवटी माझं डोकं फिरलं. भावजय रडकुंडीला आलेली, छोटूच्या कामावरच्या सुट्ट्या संपलेल्या. म्हटलं, आज मीच सोबत जाते आणि डॉक्टरांना सांगते, याला चांगलं ठणकावा, पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस म्हणावं.

त्या दिवशी नवीन डॉक्टरीणबाई होत्या. एवढीशी खोली, तपासायच्या टेबलावर चुरगळलेला कागद, कोपऱ्यात वजनकाटा. बाईंनी छोटूला विचारलं, "काय होतंय?"

"काही होत नाहीये त्याला," मी म्हटलं.

"झोप लागते?"

"पडल्या पडल्या घोरतो."

"भूक?"

"म्हणेल ते करून वाढते त्याची बायको." माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आवरत नाही. "अहो, सगळे रिपोर्ट चांगले आहेत. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. हा तोंड पाडून घरी येतो!"

बाईंनी मला हातानेच थांबवलं आणि त्याच्याकडे वळल्या. "तोंड का पाडता?"

छोटू लिफ्ट दुरुस्त करतो. उभी हयात त्यात गेली. तो म्हणाला, "आमच्याकडे नियम आहे, डॉक्टर. तक्रार आली आणि बिघाड सापडला नाही, तर ती लिफ्ट चालू करायची नाही. सापडलेल्या बिघाडाचं काही वाटत नाही, न सापडलेलाच माणसं मारतो. आणि इथे सगळे मला सांगतात, काही सापडलं नाही, जा घरी. असे कसे सोडतात मला?"

मला हसूच फुटलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "जगणं नको झालंय, असं वाटतं का कधी?"

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. "आमच्या घरात असलं..."

"हो," छोटू म्हणाला.

माझ्याकडे न बघता तो बोलत राहिला. सकाळी उठावंसंच वाटत नाही. बायकोने काही विचारू नये म्हणून तो घोरण्याचं सोंग घेतो. लेक शाळेतलं काही सांगते, ते ऐकू येतं, पण आत पोचत नाही. आणि इमारतीच्या माथ्यावर काम करताना, खालपर्यंत गेलेल्या लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीपाशी एकटा असला, की तिथून हलवतच नाही.

"तसं झालं की मी हत्यारं खाली ठेवतो आणि इथे येतो," तो म्हणाला. "छाती दुखतेय म्हणून सांगतो. दुखतेही खरंच. इथे माणसं असतात, डॉक्टर. नंबर लागेपर्यंत तरी एकटं बसावं लागत नाही."

"छातीचं दुखणं खोटं नाहीच," बाई म्हणाल्या. "पण ते कशातून येतंय ते आत्ता कळलं. हा आजार आहे. याला औषध आहे, आणि ज्यांच्याशी बोलून बरं वाटेल अशी माणसंही इथे आहेत. सध्या उंचावरचं काम बंद आणि एकटं राहणं बंद. आज त्यांना भेटल्याशिवाय मी तुम्हाला घरी सोडणार नाही."

छोटू रडायला लागला. बाहीने नाक पुसत, लहानपणी पुसायचा तसाच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. वर्षभर हा माणूस स्वतःचा जीव वाचवायला इथे धावत होता, आणि मी ती धाव बंद पाडायला निघाले होते.

"ताई," बाई म्हणाल्या, "मघाशी मी तुम्हाला थांबवलं, तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "हा कधीही आला, कसलंही दुखणं घेऊन आला, तरी याला परत पाठवू नका."