सत्तावीसपैकी तीन

सरांनी कागदाच्या कोपऱ्यात तीनचा आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि तपासलेली उत्तरपत्रिका परत करावी तसा कागद सिस्टरच्या हातात दिला.

"सत्तावीसपैकी तीन. हवी तर बेरीज पडताळून घ्या."

बेरीज पडताळायची गरजच नव्हती. या माणसाने पस्तीस वर्षं गणित शिकवलं होतं. मनोविकारांच्या वॉर्डात येऊन त्यांना चौथा आठवडा लागला होता आणि दर सोमवारी नऊ प्रश्नांचा हा कागद त्यांच्या हातात ठेवून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळत. बाकीच्यांना प्रश्न वाचून दाखवा, समजावून सांगा; सरांचं काम मात्र बिनबोभाट. अठरा, अकरा, सहा आणि आज तीन. आकडा जितका लहान तितकं मनावरचं ओझं कमी, असा त्या कागदाचा नियम. डॉक्टरांनी घरी सोडायची चिठ्ठी लिहूनही ठेवली होती. बाहेरच्या बाकावर सरांची लेक मांडीवर बॅग घेऊन बसली होती. दुपारी ती वडिलांना त्यांच्या घरी पोचवून आपल्या गावी परतणार होती, आणि त्या घरात सर एकटेच राहत.

सिस्टर कागद फायलीत लावायला गेल्या, तेव्हा झोपेच्या नोंदींचं पान वर आलं. रात्रपाळीच्या नर्सने लिहिलं होतं: तीन वाजता जागे. आदल्या रात्री: जागे, खिडकीपाशी. त्याच्या आदल्या रात्रीही तेच. आणि सरांच्या कागदावर, झोपेचा त्रास होतो का या प्रश्नापुढे, 'अजिबात नाही'वर ठसठशीत खूण.

सिस्टरनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. त्यांना सरांचा राग आला नाही, स्वतःचाच आला. नववा प्रश्न तोंडाने विचारणं त्यांना बावीस वर्षांच्या नोकरीनंतरही जड जायचं. शिकलेला माणूस आहे, आपलं आपण वाचेल, अशी सबब काढून त्यांनी चार सोमवार तो प्रश्न टाळला होता.

कोरा कागद काढून त्या स्टूल ओढून खाटेशी बसल्या.

"सर, पुन्हा एकदा. या वेळी मी वाचते, तुम्ही सांगा."

"फेरपरीक्षा? नापास झालो की काय?"

"तुम्ही नाही, मी झाले. हे मी बसून विचारायला हवं होतं."

सर हसले. पहिला प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला, दुसऱ्याला जरा अडखळले. तिसरा झोपेचा. सिस्टर छापलेले शब्द जसेच्या तसे वाचत होत्या आणि वाचून झाल्यावर गप्प राहत होत्या. गप्प राहणं वाचण्यापेक्षा अवघड होतं.

"जवळजवळ रोज," सर म्हणाले आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. नववा प्रश्न आला तरी पुसणं चालूच होतं.

"गेल्या दोन आठवड्यांत, आपण मेलो तर बरं, किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी, असे विचार किती वेळा आले?"

सरांचा हात थांबला. बाहेरून कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. सिस्टरनी पेन खाली ठेवलं.

"निम्म्याहून जास्त दिवस."

"घरी गेल्यावर काय करायचं, ते ठरवलं होतं?"

सरांनी होकारार्थी मान हलवली. "लेकीला सांगू नका. महिनाभर माझ्यापायी अडकलीय ती. रजा संपली, तिकीट काढलंय. म्हणून आकडा उतरवत आणला. अठरावरून एकदम तीनवर आलो असतो, तर कुणीही कॉपी पकडली असती."

हे सांगताना त्यांना हसू फुटलं आणि त्या हसण्याचं रडू कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही. सिस्टरनी त्यांना पोटभर रडू दिलं.

"तिला सांगायला हवं, सर. मी बसते ना शेजारी. आपण दोघं सांगू."

लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग बॅग खाटेखाली सरकवली. "तिकीट काय, रद्द करता येतं, बाबा," एवढंच म्हणाली आणि त्यांच्या पायाशी बसली. बराच वेळ तिने त्यांचं पाऊल हातातून सोडलं नाही.

डॉक्टरांनी नवा कागद पाहून भुवया उंचावल्या.

"तिनाचे एकोणीस? तासाभरात?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. इतका मोठा आकडा बघून जीव भांड्यात पडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

सुटीची चिठ्ठी फाटली, सरांची खाट नर्सच्या टेबलासमोर आली. दुपारी जेवणाची ताटं घेऊन वॉर्डातल्या मावशी आल्या.

"सरांना उठवू का? जेवण गार होतंय."

लेकीने ओठांवर बोट ठेवलं. सर कुशीवर वळून चक्क घोरत होते, चष्मा लेकीच्या हातात होता.

सिस्टरनी झोपेचं पान काढलं. त्यात फक्त रात्रीचे रकाने होते. त्यांनी समासात लिहिलं: दुपारी दीड, गाढ झोप. आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.