वाट नसलेली झाडी

बाबांच्या पायाला भिंगरी लागली ती आई गेल्यानंतर. त्याआधी हा माणूस कारखाना आणि घर सोडून कुठे म्हणून जात नसे. शाळांसाठी बाकं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म सुतारकाम केलं. कारखाना कधीच बंद पडला, पण बाबांच्या डोक्यातली कामाची पाळी काही बंद पडली नाही. सकाळी चहा झाला की चपला घालायच्या आणि निघायचं. कधी कोपऱ्यावरचा न्हावी हाताला धरून परत आणायचा, कधी पोलीस. शेवटच्या वेळी ते मोठ्या रस्त्याच्या दुभाजकावर बसलेले सापडले. दोन्ही बाजूंनी ट्रक धावत होते आणि हे महाशय कारखान्याचं गेट उघडायची वाट बघत होते.

मग दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो दुसऱ्या शहरात राहतो, मनाने वाईट नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्याने एका वृद्धाश्रमात जागा धरून ठेवली होती. बाबा अजून एकदा जरी बाहेर पडले, तरी तो येऊन त्यांना तिथे घेऊन जाणार होता, आणि यावर त्याला माझ्याशी वाद घालायचा नव्हता. मी ती जागा पाहून आले होते. लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास, भिंतीला टेकून बसवलेली म्हातारी माणसं, आणि आकडे दाबल्याशिवाय न उघडणारी दारं. ते आकडे फक्त तिथल्या नोकरांना ठाऊक. मी दादाला सांगितलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर बाबांना कोंडवाड्यात टाकू देणार नाही.

बोलायला काय जातं? मी घरी पडदे शिवते. खिडक्यांची मापं घ्यायला, शिवलेले पडदे टांगायला लोकांच्या घरी जावंच लागतं. बाहेरून कुलूप लावून गेले, तर बाबांनी आतून जेवणाच्या सुरीने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार उचलून भिंतीला नीट टेकवून ठेवलं. जन्मभर हेच केलेला माणूस तो. घरातलं टोकदार म्हणून जे जे होतं ते मी लपवलं, तेव्हा ते मुठींनी दार बडवायला लागले. मी परत आले तर दोन्ही हातांची सालं निघालेली, आणि जिन्यात शेजारच्या काकू रडवेल्या होऊन उभ्या. दार दिसलं की बाबांना ते उघडायचं असायचं, त्याला ते तरी काय करणार.

दादा पुन्हा फोनवर आश्रमाचे गोडवे गात होता. म्हणाला, तिथे लोकांना कोंडल्यासारखं वाटतच नाही, दारांवर ही मोठमोठी चित्रं लावलेली असतात, म्हाताऱ्यांना ती भिंतच वाटते. बाकीचं मी ऐकलंच नाही. दारावरचं चित्रच हवं आहे ना, मग ते मी घरी करीन, असं मनाशी म्हणत मी फोन ठेवला.

माळ्यावर जुन्या पलंगाच्या पट्ट्या पडून होत्या. उन्हाच्या पडद्यांसाठी आणलेलं जाडं कॅनव्हास घरात होतंच. बाबांना मी सांगितलं की एका गिऱ्हाइकाला मोठं चित्र हवंय, त्याची चौकट करायची आहे. लपवलेली करवत मी त्यांच्या हातात दिली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या पाठीचा कणा सरळ झाला. सकाळी माझं नाव न आठवणारा हा माणूस पट्टीवर पेन्सिलने रेघ मारून चारही कोपरे असे तिरपे कापत होता की जोडल्यावर फट शोधून सापडू नये. कोपऱ्यांत आडव्या पट्ट्या ठोकल्या नाहीत तर एवढी मोठी चौकट पिळवटेल, हे त्यांनीच सांगितलं. चित्र कुठे लागणार, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कपाटाच्या दारावर.

"मग बिजागरीकडे काठ बाहेर काढू नकोस," ते म्हणाले. "दार अडेल."

मी मान हलवली आणि माप लिहून घेतलं.

कापड ताणायला बसलो तेव्हा मी आपली एका कोपऱ्यापासून पिना मारायला लागले. बाबांनी माझ्या हातावर चापट मारली. आधी एका बाजूच्या मधोमध, मग बरोबर समोरच्या बाजूच्या मधोमध, मग उरलेल्या दोन. तिथून थोडं थोडं बाहेर सरकायचं आणि कोपरे अगदी शेवटी. ते पकडीने कापड ओढून धरायचे, मी पिना मारायची. पूर्ण झाल्यावर त्यांनी मधोमध टिचकी मारली, कापड डफासारखं वाजलं, आणि बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांचे दात पाहिले नव्हते. भिंतीच्या पांढऱ्या रंगात डिंक कालवून आम्ही दोन हात दिले, मध्ये पॉलिश पेपर फिरवला. तितके दिवस त्यांना कारखाना आठवला नाही, चपला आठवल्या नाहीत. मी सुखात होते. औषध हातात होतं आणि मी मात्र ते चित्र एकदाचं दारावर कधी चढवते या घाईत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

चित्र मी जुन्या कॅलेंडरवरून काढलं. शाळेनंतर हातात कधी ब्रश धरला नव्हता, त्यामुळे माझी झाडं जरा केरसुण्यांसारखी झाली, पण झाली. कॅलेंडरवरच्या रानात मधोमध एक पायवाट होती, आत वळत गेलेली. ती मी मुद्दाम गाळली. वाट दिसली की बाबा निघाले असते. खालपासून वरपर्यंत नुसती झाडी, खोडाला खोड लागलेलं. बाबा मागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

"यात माणूस शिरणार कुठून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, शिरायचं नाहीच बाबा, नुसतं बघायचं.

ते दुपारी झोपले तेव्हा काकूंच्या मुलाला बोलावून आम्ही चौकट दारावर चढवली. आतली कडी काढून टाकली. तिच्या जागी चुंबकाची पकड, आणि चौकटीच्या खालच्या पट्टीत बोटं घालून ओढलं की दार उघडायचं. बाहेर जाताना बाहेरून कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात, मापाच्या टेपच्या जोडीला.

बाबा उठले, चहा प्यायले, चपला घातल्या आणि दाराकडे निघाले. चित्रापाशी येऊन थांबले. शेजारच्या भिंतीवर त्यांनी हात फिरवला, मग पलीकडच्या. स्वयंपाकघरात गेले, न्हाणीघरात डोकावले, परत आले. खिशात ठेवलेली वस्तू सापडू नये तसा चेहरा झाला होता.

"दार?" ते म्हणाले.

"कसलं दार, बाबा?" मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिवणाच्या मशिनवर मान खाली घातली. चपला घालूनच ते खुर्चीवर बसून राहिले, दिवेलागणीपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पण थोडं कमी. मग एक दिवस त्यांनी चपला स्वतःहून पलंगाखाली सरकवल्या आणि नंतर काही बाहेर काढल्या नाहीत.

एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाळावी लागायची. दार उघडताना त्यांना दिसता कामा नये. कोणी येणार असेल तर आधी फोन, मग मी बाबांना आतल्या खोलीत नेऊन बसवायची आणि पाहुणा आला की बाहेर आणायची. जाताना पुन्हा तसंच. मी कामाला निघायची ती ते झोपल्यावर. काकूंकडे दुसरी किल्ली होती, त्या अधूनमधून बघून जायच्या. आग लागली तर काय, हा विचार मनात यायचा आणि मी तो झटकून टाकायची.

दादा आला, दोन दिवस राहिला. बाबा चित्रासमोरून कितीदा गेले, पण त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही त्यांनी. दादाचे डोळे भरून आले. माझा हात हातात घेऊन म्हणाला, तू जिंकलीस, मी हरलो. तिथूनच फोन करून त्याने आश्रमातली जागा सोडून दिली. मी हवेत होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशातली गत. आश्रमातल्या आकड्यांच्या दारांना मी नावं ठेवली होती, आणि माझ्या दाराचं कौतुक करून घेताना मला काही म्हणता काही वाटलं नाही.

मग बाबा बदलायला लागले. सकाळी मी खोलीत गेले की पांघरुणाची चौकोनी घडी पायथ्याशी ठेवलेली, आणि ते पलंगाशेजारी हात खाली सोडून उभे. न्हाणीघरात जाऊ का, असं विचारायचे. ताटात वाढलेलं सगळं संपवायचे, नावडीची भाजीसुद्धा, आणि ताट स्वतः विसळून दोन्ही हातांनी माझ्यापुढे करायचे. काकू म्हणाल्या, किती गुणी झालेत गं. मलाही तसंच वाटलं. शहाणं झालेलं पोर कोणाला नको असतं?

त्या दुपारी मी त्यांना हॉलमध्ये जेवायला वाढलं. ते दोन घास जेवले आणि थांबले. आवाज खाली आणून, इकडेतिकडे बघत त्यांनी मला विचारलं,

"बाई, मला किती वर्षांची झालीये?"

मला कळेना. किती वर्षांची काय?

"शिक्षा," ते म्हणाले.

ते शांतपणे सांगत गेले, समजावून दिल्यासारखे. खिडक्यांना गज आहेत. जेवण ठरल्या वेळी येतं. भेटायला माणसं येतात, पण कुठून येतात आणि कुठून जातात ते दाखवत नाहीत. किल्ली तुमच्या गळ्यात असते. म्हणजे तुरुंगच की. गुन्हा कोणता ते काही आठवत नाही, पण केला असेल, उगाच कोण कोणाला कोंडून ठेवतं? माझी तक्रार नाही. तुम्ही चांगल्या आहात, हात उचलत नाही.

जन्मभर लाकडाचे सांधे जोडलेल्या या माणसाने आठवण गेलेल्या डोक्याने एकेक गोष्ट जुळवली होती, आणि कुठेही फट ठेवली नव्हती. चुकलं म्हणायला मला जागाच नव्हती.

"एक निरोप द्याल?" ते म्हणाले. "माझ्या मुलीला. मी कुठे आहे ते तिला ठाऊक नसणार. नाहीतर ती भिंत फोडून आत आली असती. फार तिखट आहे स्वभावाने."

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. म्हटलं, बाबा, मीच ती. मीच तुमची मुलगी, नीट बघा ना माझ्याकडे.

त्यांनी नीट पाहिलं. मग ते हसले, साहेबाने काही विनोद केला तर समोरचा माणूस हसतो तसं.

"असं नका बोलू, बाई," ते म्हणाले. "ती मला कोंडणार नाही."

मी उठले. स्क्रू काढायला पेचकस शोधायचंही भान नव्हतं. दार पायाने दाबून धरलं आणि चौकटीच्या कडेला बोटं घालून ती ओढली, नख तुटलं, पुन्हा ओढली. बाबांनीच कापलेले कोपरे होते, सहजी सुटेनात. शेवटी कपडे बेतायची कात्री कापडात खुपसून वरपासून खालपर्यंत फाडलं आणि पट्ट्या एकेक करून उखडून काढल्या. मागे आमचं दार होतं, तपकिरी, कडीच्या जागी चार भोकं राहिलेलं. मी ते सताड उघडलं. जिन्यातला उजेड आत आला, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले, कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं.

"चला बाबा," मी म्हटलं. "कुठे जायचं ते सांगा. कारखान्यात जाऊ, नाहीतर नुसतं फिरून येऊ."

त्यांनी दाराकडे पाहिलं. ते दार आहे हे त्यांना कळलं, त्यांचे डोळे उंबऱ्यापर्यंत गेले ते मी पाहिलं. मग त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मी हात धरला, तर दुसऱ्या हाताने त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट पकडला. मी ओढलं, तशी खुर्ची त्यांच्यासकट फरशीवरून घासत आली, पण हात सुटला नाही. अजून जोर होता त्या हातात.

"नको," ते म्हणाले. "मी पळालो तर पोरीला धरतील."

मी हात सोडला. त्यांनी खुर्ची पूर्वीच्या जागी नेली, दाराकडे पाठ केली आणि राहिलेलं जेवायला घेतलं.

त्यानंतर मी दाराला कडी बसवली नाही. सकाळी उघडते ते झोपायच्या वेळेपर्यंत उघडंच असतं. काकू येतात, काकूंचा मुलगा येतो, बाबांच्या डोळ्यांसमोरून आत येतात आणि डोळ्यांसमोरून बाहेर जातात. मी रोज बाबांच्या चपला पलंगाखालून काढून उंबऱ्यापाशी ठेवते. सुरुवातीला मी त्यांना दारापर्यंत चालवत न्यायची, पण दार जवळ आलं की ते थरथरायला लागतात, म्हणून तेही सोडून दिलं.

दादाचा फोन येतो. बाबा बाहेर पडत नाहीत ना, विचारतो. मी सांगते, नाही.